कापराचं तेल : पायाला किती, आणि बाळाला का नाही

मैत्रिणींनो, माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा आपल्याकडे वारकऱ्यांचे पाय चेपायची सेवा होते. खोबरेल तेलात कापूर घालून ते पायाला चोळायची पद्धत जुनीच आहे. हेच तेल किंवा मलम गटाने बाटलीत भरून विकावं का, असा प्रश्न मग बैठकीत येतो. म्हणून हा पाठ.

कापूर त्वचेतल्या गार-गरम ओळखणाऱ्या नसांना चाळवतो. आधी गार वाटतं, मग ऊब येते, आणि त्या भरात ठणका नि खाज कमी जाणवते. एवढंच त्याचं काम. त्याने भेगा भरत नाहीत, डाग जात नाहीत, रंगही उजळत नाही. भेगांना साधं कोकमाचं तेल कापरापेक्षा बरं.

आता प्रमाण. अमेरिकेच्या औषध खात्याने अंगाला लावायच्या औषधात कापराची कमाल मर्यादा ११ टक्के ठरवली आहे. खाजेसाठी ३ टक्क्यांपर्यंत पुरतो. म्हणजे १०० ग्रॅम तयार तेलात ३ ग्रॅम कापूर, तोही काट्यावर मोजून. ‘दहा वड्या टाका’ हे माप नव्हे, कारण वड्या लहान-मोठ्या असतात. शिवाय आरतीचा कापूर जाळण्यासाठी विकतात, अंगाला लावण्यासाठी तो तपासलेला नसतो. औषधाच्या दर्जाचा कापूर असेल तर पाकिटावर ‘आय.पी.’ लिहिलेलं असतं. ते बघूनच घ्या. कपड्यांतल्या डांबर गोळ्या दिसायला कापरासारख्याच, पण त्या वेगळं विष आहेत. तेलात चुकूनही जाता कामा नयेत.

कापूर पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तेल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा, चुलीवरून उतरवा आणि मग कापूर घाला. तो लगेच पेट घेतो, म्हणून जवळ जाळ नको.

पाय चेपताना आधी तळवा नीट बघा. चालून चालून फोड आलेले असतात, काही फुटलेले असतात. फुटलेल्या फोडावर, जखमेवर किंवा चरचरणाऱ्या त्वचेवर कापूर लावायचा नाही. तिथून तो अंगात जास्त शिरतो आणि आगही होते. असा पाय धुवा, कोरडा करा, स्वच्छ कापड बांधा. डोळ्यांना, तोंडाला लावू नका. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

सगळ्यात मोठा धोका लहान मुलांना. सर्दी झाली की बाळाच्या छातीला, नाकाला कापूर चोळतात, गळ्यात ओवा-कापराची पुरचुंडी बांधतात. आजीची माया खरी, पण दोन वर्षांच्या आतल्या मुलाला कापूर नकोच. पोटात गेला तर तो थोड्या मिनिटांतच झटके आणू शकतो. १ ग्रॅमच्या आसपास कापूर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो, आणि २० टक्क्यांच्या तेलाच्या एका चहाच्या चमच्यात तेवढा असतो. असं तेल अमेरिकेने १९८२ सालीच बाजारातून काढलं. मुलाने कापूर खाल्ला तर उलटी करवू नका. झटका आला तर कुशीवर ठेवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. उरलेला कापूर किंवा बाटली दवाखान्यात सोबत न्या.

राहिला विक्रीचा प्रश्न. घरच्यांसाठी केलं तर वेगळी गोष्ट. विकायचं तर क्रीम, साबण, अंगाचं तेल ही सौंदर्यप्रसाधनं ठरतात आणि ‘कॉस्मेटिक्स रूल्स २०२०’ प्रमाणे बनवायला परवाना लागतो. तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. लेबलवर ‘सांधेदुखी घालवतो’ असं छापलं की तीच बाटली औषध होते आणि औषधाचा परवाना लागतो. नुसतं ‘आयुर्वेदिक’ लिहून त्यातून सुटका नाही. परवान्याचा खर्च आणि कटकट सुरुवातीला गटाला जड जाते, म्हणून परवाना असलेल्या कारखान्याकडून माल बनवून घेऊन आपण विकणं हा मार्ग मला जास्त बरा वाटतो. तेव्हाही बॅच नंबर, घटक, तारीख, वजन आणि कारखान्याचा पत्ता लेबलवर हवाच. शिवाय ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ ही ओळ ठळक मराठीत छापून घ्या.