लांब पल्ल्याची गाडी आणि गृहस्थाश्रम



रायपूर हे महामार्गांवर वसलेले शहर. सुरतजवळच्या हजिराहून पारादीप बंदराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ इथून जातो आणि उत्तराखंडातून आंध्र प्रदेशाकडे उतरणारा ३० देखील. उरला-सिलतराचे लोखंड, बलौदाबाजारचे सिमेंट, गिरण्यांचा तांदूळ यांतले कितीतरी ट्रकवरच बाहेर जाते. त्यामुळे इथल्या तरुणासमोर हा प्रश्न सहज उभा राहतो: हेवी लायसन्स काढून लांब पल्ल्याच्या गाडीवर जावे का? आणि गेल्यास घराचे काय?

या प्रश्नाला बहुतेक जण एकच उत्तर देतात, ‘घरच्यांसाठीच तर करायचे आहे.’ भावना खरी असते. पण तुम्ही घरच्यांना विचारले आहे का? न विचारता केलेल्या त्यागाचे ओझे पुष्कळदा घरच्यांनाच वाहावे लागते. आजारी मुलाला रात्री दवाखान्यात कोण नेणार, सासूबाईंची औषधे कोण आणणार, हे सगळे त्या एका शब्दात न सांगता गृहीत धरलेले असते.

म्हणून आधी कामाचे स्वरूप नीट समजून घ्या. बऱ्याच ठिकाणी पगार थोडा आणि फेरीमागे भत्ता अशी पद्धत असते. गाडी चालते तेव्हा कमाई होते; माल खाली होण्याची किंवा परतीच्या भाड्याची वाट पाहत उभी राहते, तेव्हा दिवस जातो, पैसा येत नाही. रायपूर ते मुंबई अंतर अकराशे किलोमीटरच्या आसपास. ई-वे बिलाच्या नियमाप्रमाणे साधारण मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे सहा दिवस. (वाणिज्य शाखेत हा हिशेब परीक्षेपुरता शिकवतात, ड्रायव्हरच्या घरी तोच हिशेब वाट पाहण्याचा असतो.) तेच अंतर निम्म्या वेळात तोडायची घाई लागते, तेव्हा ती झोपेतून वसूल होते. मग जागे राहण्यासाठी तंबाखू, गुटखा. व्यसनाची सुरुवात अनेकदा अशी होते, चैनीतून नव्हे.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असे सर्वसाधारण प्रमाण घालून दिले होते. मात्र तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे मर्यादा आपली आपणच सांभाळावी लागते. गीतेच्या सहाव्या अध्यायात, १६ आणि १७ व्या श्लोकांत, भगवंत आहार, विहार, झोप आणि जागरण यांच्या प्रमाणाबद्दल बोलतात. आपण ते ध्यानाला बसणाऱ्यासाठी समजतो. स्टिअरिंगवर बसणाऱ्यालाही ते तितकेच लागू आहे.

याचा अर्थ ही नोकरी वाईट, असे मुळीच नाही. आपल्या ताटातला भात कुणीतरी रात्रभर गाडी चालवून आणलेला असतो. ज्याच्या घरी दुसरी मिळकत नाही त्याला ‘सोडून द्या’ सांगणे सोपे आहे, आणि माझ्या मते ते सत्संगात बसून सांगू नये.

मधला मार्गही असतो. रायपूर-नागपूर हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आत आहे. ठरलेल्या मार्गावर ये-जा करणारी गाडी मिळाली, तर भत्ता कमी असेल, पण परतीचा दिवस बराचसा माहीत असतो. लहान मुलांच्या घरात तो दिवस माहीत असणे फार मोलाचे आहे. मुले मोठी झाल्यावर लांबचा मार्ग घेता येईल. उलट क्रम मात्र जमत नाही.

या आठवड्याच्या स्वाध्यायासाठी पती-पत्नींनी भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढून एकत्र बसावे. परीक्षा, सण, आईवडिलांच्या तपासण्या, पेरणी असेल तर पेरणी, अशा तारखांवर खूण करावी. महिन्यात किती रात्री घराबाहेर चालतील, हा आकडा आधी पत्नीने सांगावा, पतीने मध्ये न बोलता ऐकावा आणि मग स्वतःचा सांगावा. दोन्ही आकडे त्याच पानावर लिहून ठेवा. गाडीमालकाशी बोलायला जाताना ते पान खिशात असू द्या.