करंगळी वर केली की जाऊ द्या

अगं छोटे, लेक दुसरीत गेली तरी दिवसा निकर ओली करते म्हणून तू तिला बोलतेस, असं आईकडून कळलं. नको गं बोलूस. सातव्या वर्षी मुद्दाम कोणी असं करत नाही. पाच वर्षांनंतरही दिवसा लघवी निसटत असेल तर डॉक्टरला दाखवायचं, इतकं साधं आहे हे, आणि बहुतेक मुलं बरी होतात.

मला काळजी वाटते ती तिनं काय काय सोडलं त्याची. लंगडी सोडली. हिंगणघाटला मामाकडे मुक्कामाला नको म्हणते. वर्गात भिंतीकडेची जागा धरते आणि बाटली भरलेलीच घरी आणते. 1979 मध्ये यामामोटो नावाच्या अभ्यासकानं अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना कुठला प्रसंग किती त्रासाचा वाटेल, ते विचारलं. आई-वडील जाणं, आंधळं होणं यांच्या रांगेत मुलांनी वर्गात कपडे ओले होणं ठेवलं. हे वाचलं तेव्हा मला तिचाच चेहरा दिसला.

शाळेतल्या मुतारीला कडी नाही, पाणी नाही, म्हणून पोरी दिवसभर धरून ठेवतात. सात वर्षांच्या लेकराच्या मूत्राशयात साधारण 240 मिली मावते, म्हणजे पेलाभर. रोज असं रोखलं की लय बिघडते, मग एकदम जोराची लागते. खेळता खेळता ती टाचेवर दाबून बसते ना, तो नखरा नाही गं, लघवी थोपवायची धडपड आहे. त्यात शौचाला खडा होत असेल तर आतड्यातला साठा मूत्राशयाला रेटतो. ओलं होऊ नये म्हणून तू पाणी तोडलंस, पण आपल्या वर्ध्याच्या उन्हात त्यानं खडा वाढतो आणि लघवी गडद होऊन चुरचुरते. पाणी दे, भरपूर दे.

लागो न लागो, दर दोन-अडीच तासांनी पाठवायचं. पाय नीट टेकवून, घाई न करता. बाईंना एकटं गाठून सांग की हिनं करंगळी वर केली की थांबवू नका. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं हवीत, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. कडीबद्दल शाळा व्यवस्थापन समितीत बोलायला लाजू नकोस. दप्तरात एक जादा निकर ठेव, तिला सांगून.

ताप, जळजळ, सतत थेंब थेंब गळणं, खूप तहान किंवा पायात अशक्तपणा दिसला तर एक दिवसही थांबू नकोस. नाहीतर या आठवड्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बालरोग विभागात जाऊ, मी येते सोबत. तोवर दोन दिवस वहीत लिही: पाणी कधी प्यायली, लघवीला कधी गेली, ओलं कधी झालं, शौचाला कधी झाली. डॉक्टर आधी हेच विचारतील.