परतूरचा निर्णय आणि पानिपतच्या मराठी कथनातील जबाबदारीचा प्रश्न

'पानिपत होणे' हा मराठीतील रूढ वाक्प्रचार आहे. पराभव सर्वस्वी आणि सावरण्यापलीकडचा असेल तेव्हा तो वापरला जातो. या वाक्प्रचारातील क्रियापद अकर्मक आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पानिपत होते, ते कोणी ओढवून घेतले, कोणी तिकडे धाडले, याचा निर्देश त्यात नाही. 'भाऊगर्दी' हा शब्द आणि 'सव्वा लाख बांगडी फुटली' ही लोकोक्ती यांचीही घडण अशीच आहे. गर्दी झाली, बांगडी फुटली; कर्ता अध्याहृतच राहिला. लोकभाषेने एका राजकीय निर्णयाचे रूपांतर नैसर्गिक आपत्तीत केले आणि त्या आपत्तीचे स्मरण अडीचशे वर्षांहून अधिक काळ जतन केले. पानिपतविषयक मराठी वाङ्मयाचा विचार करताना या भाषिक वळणापासून आरंभ करणे इष्ट ठरते. कारण बखरीपासून कादंबरीपर्यंतच्या लेखनावर त्याची छाया पडलेली दिसते.

१४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या संग्रामासंबंधी दोन वेगळे प्रश्न संभवतात. पराभव कोणामुळे झाला, हा पहिला. युद्धास जाण्याचा निर्णय कोणी, कोणत्या माहितीच्या आधारे व कोणत्या तयारीनिशी घेतला आणि त्याचा जाब कोणी कोणास द्यावयाचा, हा दुसरा. पहिला प्रश्न रणांगणाचा आहे, दुसरा राज्यकारभाराचा. मराठी लेखनाने पहिल्याची चर्चा विपुल केली. भाऊसाहेबांचा हट्ट, मल्हारराव होळकरांची माघार, गोलाची लढाई की गनिमी कावा, बुणग्यांचा भार, सुरजमल जाटाचा न ऐकलेला सल्ला यांवर पिढ्यानपिढ्या वाद झाले. दुसऱ्या प्रश्नाच्या वाट्याला मात्र बहुधा एखादे पान किंवा एखादा प्रसंगच आला.

तो प्रसंग परतूरचा, म्हणजे जुन्या कागदांतील पडदूरचा. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीनजीक बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. फेब्रुवारीच्या आरंभी उदगीर येथे सदाशिवरावांनी निजामावर विजय मिळविला. उत्तरेतील अनर्थाची वार्ता दक्षिणेत पोहोचली ती या विजयाच्या आनंदात. मार्च महिन्यात परतूरच्या मुक्कामी उत्तरेच्या मोहिमेची योजना होऊन सदाशिवरावांची रवानगी झाली. मोहिमेचे नामधारी प्रमुखपद पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव यांच्याकडे होते आणि त्यांचे वय तेव्हा सतराच्या आसपास होते. प्रत्यक्ष सूत्रे भाऊंकडे होती. निर्णय घेणारे नानासाहेब दक्षिणेतच राहिले. म्हणजे निर्णय एकाचा, नाव दुसऱ्याचे आणि कृती तिसऱ्याची, अशी ही विभागणी होती. ज्यांच्या नावे राज्य चालत होते ते छत्रपती रामराजे साताऱ्यास होते आणि १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर कारभाराची सत्ता पेशव्यांकडे गेलेली होती. त्यामुळे युद्धाचा निर्णय करणाऱ्यास जाब विचारू शकेल असे अधिकारपद त्या वेळी व्यवहारात उरले नव्हते. हे रचनेचे वैगुण्य कोणा एका व्यक्तीच्या स्वभावापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. बखरकाराला ते दिसण्याचा संभव कमी होता. आधुनिक इतिहासकाराला मात्र ते दिसावयास हवे होते.

बखरपरंपरेत या निर्णयाला घरगुती कलहाचे रूप मिळते. राघोबादादा १७५८ मध्ये लाहोरपर्यंत गेले. परंतु परतताना कर्ज घेऊन आले. भाऊंनी त्यांना दोष दिला. त्यावर दादांनी पुढील मोहीम तुम्हीच करा असे सुनावले आणि भाऊंनी ते शब्दशः घेतले, ही हकिगत ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात दिली आहे. पुढील मराठी लेखकांनी ती आवडीने स्वीकारली. प्रसंग नाट्यपूर्ण आहे, यात शंका नाही. परंतु त्यात युद्धाचा निर्णय हा दोन चुलतभावांच्या मानापमानाचा परिणाम ठरतो आणि तिसरी व्यक्ती, म्हणजे ज्यांच्या संमतीवाचून काहीही होणे शक्य नव्हते ते पेशवे, केवळ श्रोते म्हणून उरतात. कृष्णाजी शामराव याच्या नावावर असलेल्या 'भाऊसाहेबांची बखर' या ग्रंथाचे गद्य मराठीतील उत्कृष्ट गद्यांपैकी आहे. स्वभावरेखन आणि संवाद ही त्याची बलस्थाने, आणि तीच त्याची मर्यादाही. ज्याला संवादात आणता येत नाही ते, म्हणजे खजिन्याची स्थिती, पूर्वीचे करार, सरदारांस गेलेले हुकूम, या गद्याच्या पकडीत पुरते येत नाही.

ते सापडते पत्रांत. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा पानिपतपूर्व दशकातील पत्रव्यवहार प्रथमच मोठ्या प्रमाणावर अभ्यासकांपुढे आला. नानासाहेबांनी १७५९ मध्ये दत्ताजींना दिलेल्या सूचना या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत. लाहोरचा बंदोबस्त करावा, काशी-प्रयाग मिळवावे, बंगालकडे जावे, पैसा आणावा आणि कर्ज वारावे, अशा कामांची ती यादी आहे. एका सरदाराने एका हंगामात ही सर्व कामे कशी उरकावी, याचा विचार तीत जाणवत नाही. ही मागणी करणारा माणूस दुष्ट नव्हता. तो कर्जबाजारी होता. युद्धनिर्णयाची मुळे अशी ऋणाच्या हिशेबात गुंतलेली आहेत. याखेरीज १७५२ च्या एप्रिलमधील करारान्वये मोगल पातशाहीचे बाह्य व अंतर्गत शत्रूंपासून रक्षण करण्याचे दायित्व मराठ्यांनी पन्नास लाख रुपये व चौथाईच्या हक्कांच्या मोबदल्यात पत्करले होते. तेव्हा अब्दालीशी मुकाबला हा परतूरला अचानक उद्भवलेला प्रश्न नव्हे. आठ वर्षांपूर्वी दिलेल्या वचनाची ती मुदत भरली होती.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो दुबळा नाही. दत्ताजींच्या वधानंतर नानासाहेबांनी स्वस्थ बसावे अशी अपेक्षा कोणी करावी काय? करार पाळू नये काय? बहुधा जाणे भागच होते. परंतु जाण्याचा निर्णय योग्य ठरला तरी कोणत्या साधनांनिशी जावे, याचे दायित्व निर्णयकर्त्यावरच राहते. मोहिमेचा खर्च उत्तरेतील येण्यातून भागेल ही अपेक्षा होती. ते येणे अब्दालीच्या आगमनाने आटले होते. पूर्वीच्या खंडणीच्या राजकारणामुळे राजपूत राजे दूर राहिले होते. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आल्यावर भाऊंना दिवाण-ए-खासचे रौप्य छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. या कृत्याबद्दल भाऊंना दोष देणाऱ्यांनी, दिल्लीत पोहोचलेल्या सेनापतीजवळ सैन्याला देण्यास पैसा का नव्हता, हा प्रश्न विचारलेला क्वचितच दिसतो. त्या छताची चांदी हे परतूरच्या निर्णयावरचे सर्वांत बोलके भाष्य आहे.

राजवाड्यांनी साधने उजेडात आणली. पण त्यांच्या प्रस्तावनेतील दोषारोपाचा रोख मुख्यतः मल्हारराव होळकर व गोविंदपंत बुंदेले यांच्याकडे वळला. गोविंदपंत तर डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीच्या रसदेवर हल्ले चढविण्याच्या कामगिरीवर असतानाच मारले गेले. हाताखालच्या माणसाच्या कसुरीवर बोट ठेवून वरच्या निर्णयाला झाकण्याची ही पद्धत राजवाड्यांनी हेतुपूर्वक स्वीकारली असे म्हणता येणार नाही; मात्र तिचा परिणाम तोच झाला. हा रोख निर्णायकपणे वळविला तो त्र्यं. शं. शेजवलकर यांनी. त्यांचा पानिपतवरील इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये आणि मराठी ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. युद्धामागील ध्येयाचा गौरव करीत असतानाच त्यांनी नानासाहेबांना मुख्य जबाबदार धरले. ही दोन मते एकत्र नांदू शकतात हे दाखविणे, हे शेजवलकरांचे वैचारिक धैर्य होय. परंतु त्यांच्या लेखणीचा आवेश कधीकधी राजकीय दायित्वाकडून चारित्र्याकडे घसरतो. सैन्य पानिपतावर अडकलेले असताना डिसेंबर १७६० च्या अखेरीस नानासाहेबांनी पैठण येथे केलेला विवाह, हा पुढील लेखनातही आरोपपत्राचा मध्यबिंदू होऊन बसला. विवाह अनुचित खराच. पण मार्चमधल्या निर्णयाचा तो पुरावा नव्हे, आणि तो टाळला असता तर पानिपतावर दाणागोटा पोहोचला असता असेही नाही. नैतिक घृणेचा विषय सापडला की राजकीय प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. तो सुटत नाही.

कादंबरीने वेगळा मार्ग घेतला. विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीने भाऊसाहेबांना हटवादीपणाच्या जुन्या आरोपातून बाहेर काढून नायकपद दिले आणि मराठी वाचकाच्या मनातील भाऊंची प्रतिमा मोठ्या प्रमाणावर बदलली. हे कार्य लहान नाही. तथापि कादंबरीचा नायक रणभूमीवर असावा लागतो. शेकडो कोस दूर बसून निर्णय घेणारा माणूस त्या रचनेत कडेलाच राहतो. त्याच्यावर रोष व्यक्त होऊ शकतो; त्याच्या निर्णयाची प्रक्रिया मात्र दृश्य होत नाही. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) तर पानिपतोत्तर कालखंडाचीच आहे; तेथे पानिपत हे वारशाने आलेले ओझे म्हणून येते.

तुलनेसाठी काशीराजाचा वृत्तांत पाहावा. हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि १७८० मध्ये त्याने फार्सीत आपली हकिगत लिहिली. भाऊंनी शुजामार्फत तहाची बोलणी चालविली असता अफगाण पक्षात काय चर्चा झाली, हे तो सांगतो. तेथे तहास अनुकूल कोण आणि युद्धाचा आग्रह धरणारा नजीबउद्दौला कोणत्या कारणांनी तह मोडून काढतो, हे स्पष्ट नावानिशी येते. काशीराजाचे प्रत्येक विधान जसेच्या तसे ग्राह्य धरावे असे नाही. पण युद्धाचा निर्णय हा कोणीतरी मांडलेला, कोणीतरी विरोधिलेला आणि अखेर कोणीतरी मान्य केलेला विचार असतो, ही जाणीव त्याच्या कथनात आहे. परतूरच्या मसलतीसंबंधी इतके स्पष्ट कथन मराठीत लिहिले गेले नाही. पेशव्यांच्या छायेत लिहिणाऱ्यास ते सोपे नव्हते, हेही खरे.

नानासाहेबांना पराभवाची सूचना मिळाली ती सावकारी पत्रातून. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत मोठ्या माणसांचा, सरदारांचा आणि सामान्य सैनिकांचा नाश त्यात कळविला होता. अभ्यासकांनी या पत्राच्या काव्यात्मतेची वाखाणणी केली आहे. त्याच्या हिशेबीपणाकडे लक्ष द्यावयास हवे. वहीत तोटा मांडला आहे. व्यवहार कोणाचा होता, ते मांडलेले नाही. आणि ज्यांची गणतीच केली नाही तो खुर्दा म्हणजे माणसे होती. २३ जून १७६१ रोजी नानासाहेब पर्वतीवर निवर्तले. पुत्रशोकाने आणि बंधुशोकाने खचलेला पेशवा, हे चित्र मराठी वाङ्मयात इतके करुण रंगले आहे की त्यापुढे प्रश्न विचारणे असभ्यपणाचे वाटावे. शोक हा जबाबाच्या जागी आला. 'जबाबदारी' या शब्दात 'जबाब' हा मूळचा अरबी शब्द आहे. जबाब देणारा गेला आणि खाते तेथेच मिटले असे मानले गेले.

ते एका व्यक्तीने मिटलेले मानले नसावे. रघुनाथ यादव याची पानिपतची बखर गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेली असे मानले जाते. निर्णय घेणाऱ्याची ती विधवा आणि ज्याच्या नावाने मोहीम निघाली त्या विश्वासरावाची आई. काय घडले ते लिहून द्या, असे तिने म्हणावे, ही मागणी शोकाची असेल. पण चौकशीचीही आहे. उत्तरादाखल तिला भारती युद्धाच्या उपमांनी भरलेली, वीरांच्या मरणाने उदात्त झालेली रणकथा मिळाली. परतूरच्या तंबूत कोण काय बोलले, हे त्या उत्तराच्या केंद्रस्थानी नाही.