वर्ध्याची पेढी, जपानी मोटार आणि आपले दुकान

इंडोनेशियातील जकार्ता शहरात तीन चाकी रिक्षाला लोक ‘बजाज’ म्हणतात. आफ्रिकेतील टांझानियात तिलाच ‘बजाजी’ म्हणतात. हे एका कुटुंबाचे आडनाव आहे आणि त्या कुटुंबाची पेढी आपल्या वर्धा शहरात होती, हे तेथील फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असेल. कापसाच्या व्यापारातून निघालेली ही पेढी पुढे स्कूटर, रिक्षा आणि मोटारसायकलच्या उद्योगात जगभर पोहोचली. वाटेत एकदा जपानी कंपन्यांनी तिला असा धक्का दिला की तिचे सर्वात प्रसिद्ध वाहनच बंद करावे लागले. त्यातून ती सावरलीही.

आपल्यातील अनेक जण गॅरेज, वेल्डिंग, लेथ, शिवणकाम, गादी-रजई, कूलर आणि फर्निचरची कामे करतात. कोणी किराणा, कापड किंवा भंगाराचा व्यापार करतो. धंदा लहान असो वा मोठा, तो कशाने वाढतो आणि कशाने बसतो याचे नियम बरेचसे सारखे असतात. म्हणून हा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

बच्छराज यांची पेढी

शेठ बच्छराज हे वर्ध्याचे मारवाडी व्यापारी. राजस्थानातील सीकरजवळच्या एका खेड्यातील जमनालाल या मुलाला त्यांनी नातू म्हणून दत्तक घेतले. जमनालाल बजाज यांनी कापसाचा व्यापार वाढविला, १९२६ साली उद्योगसमूहाचा पाया घातला आणि १९३१ साली उत्तर भारतात गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना काढला. इंग्रज सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी १९२१ साली परत केली. १९३४ साली सरहद्द प्रांतात जाण्यास बंदी असलेले बादशाह खान, म्हणजे खान अब्दुल गफ्फार खान, वर्ध्यात त्यांचेच पाहुणे होते. संपत्तीचा आपण मालक नसून विश्वस्त आहोत, हा गांधीजींचा विचार जमनालालजींनी स्वीकारला होता. आपल्याकडे ज्याला अमानत म्हणतात, त्याच्या हा विचार जवळचा आहे.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात त्यांचे निधन झाले. थोरले चिरंजीव कमलनयन यांनी कारभार हाती घेतला. पुढे ते वर्ध्याचे खासदारही झाले. १९४५ साली ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या नावाने एक कंपनी नोंदविण्यात आली. हीच पुढची बजाज ऑटो. १९४८ पासून ती परदेशी दुचाकी व तीनचाकी वाहने आणून विकू लागली. आधी माल विकून ग्राहक ओळखला, मग मालाचा कारखाना काढला, असा हा क्रम आहे. १९५९ साली सरकारचा उत्पादन परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने पुण्याजवळ आकुर्डी येथे स्कूटर तयार होऊ लागली.

दहा वर्षांची रांग

१९६८ साली कमलनयन यांचे चिरंजीव राहुल बजाज यांनी कंपनीची सूत्रे घेतली. १९७१ साली पियाजिओशी असलेला करार संपला. कंपनीने त्याच बनावटीवर आधारलेली ‘चेतक’ स्कूटर १९७२ साली स्वतःच्या नावाने बाजारात आणली. त्या काळी किती माल बनवायचा हेसुद्धा सरकारी परवान्यावर ठरत असे. मागणी भरपूर आणि उत्पादन मर्यादित, त्यामुळे स्कूटरसाठी नोंदणी करून लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबत. नवीन गाडी हाती आली की ती मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकली जाई. लग्नाच्या बोलणीत चेतकची मागणी होई.

परवान्याचे बंधन सैल झाल्यावर कंपनीने औरंगाबादजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज येथे मोठा कारखाना बांधला. तो १९८५ साली सुरू झाला. त्याच्या भोवती सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांची वस्ती उभी राहिली.

दहा वर्षे रांगेत उभा राहणारा ग्राहक तक्रार करीत नाही. स्कूटर सुरू होत नसेल तर तो ती एका बाजूला वाकवतो, पुन्हा किक मारतो आणि घरी जातो. अशा वेळी कारखानदाराला माल सुधारण्याची निकड वाटत नाही. चेतकची मूळ बनावट पुढची अनेक वर्षे फारशी बदलली नाही. ज्या काळात धंदा सर्वात सुरक्षित वाटत होता, त्याच काळात त्याच्या मुळाशी कीड लागत होती.

जपानी गाडी आली

१९८४ च्या सुमारास सरकारने परदेशी सहकार्याला वाट दिली आणि जपानच्या चारही मोठ्या मोटारसायकल कंपन्या भारतीय भागीदार घेऊन आल्या. होंडा हिरोबरोबर, सुझुकी टीव्हीएसबरोबर, यामाहा एस्कॉर्ट्‌सबरोबर आणि कावासाकी बजाजबरोबर. हिरो-होंडाची फोर-स्ट्रोक मोटारसायकल कमी पेट्रोलमध्ये जास्त चालत असे आणि धूरही कमी सोडत असे. पेट्रोल महाग झाले, खेड्यातील रस्त्यावर मोठ्या चाकाची गाडी बरी पडते हे ग्राहकाने पाहिले, आणि १९९० नंतरच्या दशकात तो स्कूटर सोडून मोटारसायकलकडे वळला. २००१ साली हिरो-होंडा ही संख्येने जगातील सर्वात मोठी दुचाकी कंपनी झाली. बजाजची रांग कधीच संपली होती.

जपानी मालात हा टिकाऊपणा आला कोठून? याचे उत्तर मोटारीच्या कारखान्यात शोधण्याआधी हातमागावर शोधावे लागते, आणि तेथे पुन्हा आपल्या कापसाचा संबंध येतो.

मागावरून मोटारीकडे

१८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि वर्धा, हिंगणघाट, पुलगावचा कापूस मुंबईला जाणे सोपे झाले. १८९३ साली मुंबई ते कोबे अशी जपानी जहाजांची नियमित फेरी सुरू झाली. त्यामागे जमशेटजी टाटांचा पुढाकार होता. हिंदुस्थानचा कापूस जपानच्या गिरण्यांत जाऊ लागला.

त्याच जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचा एका सुताराचा मुलगा होता. त्याची आई घरी मागावर कापड विणीत असे. तिचे कष्ट कमी व्हावेत म्हणून त्याने मागात सुधारणा सुरू केल्या. १८९० च्या सुमारास त्याने लाकडी हातमाग सुधारला, १८९६ साली यंत्रमाग बनविला आणि १९२४ साली मुलगा किइचिरो याच्या साहाय्याने पूर्ण स्वयंचलित माग तयार केला. या मागाचे वैशिष्ट्य असे की विणताना एक धागा तुटला की माग आपोआप थांबत असे. त्यामुळे खराब कापड तयारच होत नसे आणि एकच कामगार अनेक माग सांभाळू शकत असे. १९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्र बनविणाऱ्या नामांकित कंपनीने विकत घेतले.

किइचिरोने पुढे मोटारीचा विभाग काढला. १९३५ साली पहिली नमुना मोटार तयार झाली आणि १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली. परंतु मागाचा नियम त्यांनी सोडला नाही. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराच्या जवळ एक दोरी असते. दोष दिसला की साधा कामगारसुद्धा ती ओढतो. वेळेत उपाय झाला नाही तर सारी रांग थांबते, दोषाचे मूळ कारण शोधले जाते आणि मगच काम पुढे जाते. दुसरा नियम असा की जो भाग जेव्हा लागेल तेव्हाच आणि तेवढाच आणायचा. गोदामात पैसा अडकवायचा नाही. ही पद्धत ताइइची ओनो या अभियंत्याने बसविली.

टोयोटाचा मार्गही सरळ नव्हता. १९५७ साली तिने अमेरिकेत पाठविलेली पहिली मोटार तेथील वेगवान रस्त्यांवर टिकली नाही. कंपनीने दोष मान्य करून माल सुधारला. १९६६ साली आलेली ‘कोरोला’ जगात सर्वाधिक विकल्या गेलेल्या मोटारींपैकी एक ठरली. २००८ साली टोयोटा विक्रीत जगात पहिली आली. पण लगेच २००९-१० मध्ये लाखो गाड्या दोषांमुळे परत बोलवाव्या लागल्या आणि संस्थापकाचे नातू अकिओ टोयोडा यांना अमेरिकी संसदेपुढे माफी मागावी लागली. वाढीच्या घाईत स्वतःचाच नियम ढिला पडला, हे त्यांनी तेथे मान्य केले.

बजाजने काय बदलले

बजाजने कावासाकीच्या भागीदारीत मोटारसायकल बनविणे शिकून घेतले. चाकण येथे नवा कारखाना उभारला. यंत्रांची निगा यंत्र चालविणाऱ्या कामगारानेच राखावी, ही जपानी पद्धत स्वीकारली. २००१ साली आलेली ‘पल्सर’ कंपनीच्या स्वतःच्या अभियंत्यांच्या बळावर उभी राहिली आणि कंपनी सावरली. त्या काळात कारभाराची दिशा राहुल बजाज यांचे चिरंजीव राजीव यांच्या हाती येत गेली. २०१० साली स्कूटरचे उत्पादनच थांबविण्यात आले. ‘चेतक’ हे नाव पुढे २०२० साली विजेवरील स्कूटरसाठी परत आले.

या बदलाची किंमत कोणी मोजली हेही सांगितले पाहिजे. हजारो कामगारांना स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली. आकुर्डीचे उत्पादन २००७ साली बंद झाले. सुटे भाग पुरविणाऱ्या अनेक लहान कारखानदारांची कामे गेली, कारण कंपनीने थोडे पण दर्जेदार पुरवठादार ठेवण्याचे ठरविले. मोठ्या कंपनीने वर्षानुवर्षे केलेल्या आळसाचा भुर्दंड शेवटी लहान माणसावर पडतो. एकाच गिऱ्हाइकावर साऱ्या दुकानाचे पोट ठेवणाऱ्याने हे विसरू नये.

बजाजचा माल आज ७० हून अधिक देशांत जातो. युगांडा आणि केनियात भाड्याने चालणाऱ्या मोटारसायकलींत ‘बॉक्सर’ मोठ्या संख्येने दिसते. तेथे स्वस्त चिनी गाड्यांशी सामना असतो. दिवसभर गाडी चालवून पोट भरणारा माणूस किमतीबरोबरच गाडी किती दिवस टिकेल आणि सुटे भाग गावात मिळतील का, हे पाहतो. परदेशी बाजाराचे धोकेही आहेत. २०२३ साली नायजेरियाचे चलन घसरले तेव्हा या निर्यातीला मोठा फटका बसला.

कर्जाचा प्रश्न

१९४९-५० साली टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर होती. गाड्या हप्त्यांवर विकल्या, हप्ते थकले आणि बँकांच्या अटी मान्य कराव्या लागल्या. दीड हजारांहून अधिक कामगार गेले, मोठा संप झाला आणि किइचिरोने राजीनामा दिला. त्यानंतर ही कंपनी हाताशी मोठी रोख शिल्लक बाळगू लागली. बजाज ऑटोनेही दीर्घ काळ जवळजवळ बिनकर्जाचा कारभार केला. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना यातून धीर मिळावा. नफ्यातून शिल्लक टाकीत हळूहळू वाढणे आणि विश्वासू माणसाला भागीदार करून घेणे हे मार्ग खुले आहेत. याच समूहाने १९८७ साली कर्ज देणारी वेगळी कंपनीही काढली आणि ती व्याजावरच मोठी झाली. तो मार्ग आपला नाही. जे चांगले ते घ्यावे, बाकी सोडावे.

आपल्या दुकानासाठी

विदर्भातील उन्हाळ्यात कूलर बनविणाऱ्या कारागिराची स्थिती चेतकच्या रांगेसारखीच असते. एप्रिल-मे महिन्यांत गिऱ्हाईक दारात उभे असते. पत्रा पातळ लागला, टाकीचा जोड कच्चा राहिला, तरी माल उचलला जातो. पण पुढच्या वर्षी तोच माणूस शहरातून कंपनीचा प्लॅस्टिकचा कूलर आणतो. गादी-रजई भरणाऱ्या आपल्या मन्सूरी बांधवांनी फोमची गादी बाजारात येताना पाहिली आहे. त्यांचे काम ज्यांनी टिकवले, त्यांचे गिऱ्हाईक त्यांच्या कापसावर डोळे मिटून विश्वास ठेवते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. पावसाने भिजलेले धान्य वरच ठेवायचे होते म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला बजावले. मालातील ऐब झाकू नये, ही शिकवण आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. टोयोडाच्या मागाने तेच यंत्रात बसविले. आपण ते मस्जिदीत ऐकतो. दुकानात त्याची सोय करायची राहून जाते. ती सोय अशी करता येईल:

१. माल देण्यापूर्वी तो स्वतः तपासावा. दोष आढळला तर हातातील काम थांबवून त्याचे कारण शोधावे.

२. शिकाऊ मुलाला दोष सांगण्याची मुभा द्यावी. दोष दाखविला म्हणून त्याला रागावू नये.

३. परत आलेल्या प्रत्येक कामाची वहीत नोंद करावी. महिन्याच्या शेवटी पाहिले तर तीच चूक पुन्हा पुन्हा दिसेल.

४. कच्चा माल गरजेपुरता घ्यावा. उधारीवर भरलेले गोदाम ही संपत्ती नव्हे.

५. हंगामात मिळालेल्या नफ्यातील काही भाग नवे हत्यार किंवा नवे कसब शिकण्यासाठी बाजूला काढावा.

दुकानात रिकामा बसलेला कारागीर आपोआप विचार करू लागतो. ज्याच्या दारात रांग आहे, त्याने विचार करण्यासाठी मुद्दाम वेळ काढला पाहिजे. वर्ध्याच्या पेढीला हे उमजेपर्यंत तिचे गिऱ्हाईक निघून गेले होते. तिच्याकडे भांडवल होते म्हणून ती सावरली. आपल्यातील बहुतेकांकडे तेवढे भांडवल नाही. म्हणून आपल्याला हे रांग असतानाच उमजले पाहिजे.