घराची वही : लष्करातील जुनी घरे आणि घरमालकाचे कर्तव्य



आपण सारी वहीखात्याची माणसे. गोदामात माल किती, उधारी कोणाकडे किती, कोणत्या थप्पीस ओल लागली, हे आपणांस तोंडपाठ असते. पोत्यात परखी घालून मूठभर दाणे तळहातावर घेतले की सबंध मालाची परीक्षा होते. परंतु ज्या छपराखाली बसून आपण ही वही लिहितो, त्या घराची वही आपल्यापैकी किती जणांनी ठेवली आहे? हा प्रश्न मी प्रथम स्वतःस विचारतो, कारण माझे उत्तर लज्जास्पद आहे. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेला नाही. वकील नाही, इंजिनिअरही नाही. तथापि जो धडा मी किंमत मोजून शिकलो तो वाचकांस फुकट मिळावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

आमचे वडिलोपार्जित घर दौलतगंजात आहे. खाली गाळा, वर बिऱ्हाड आणि रस्त्याच्या बाजूस दगडी छज्जा. सन 2018 मध्ये छज्जा धोकादायक असल्याची नगर निगमाची नोटीस आली. मिस्त्रीने 38,000 रुपयांचा अंदाज सांगितला. आम्ही तिघे बंधू, धाकट्या दोघांचे म्हणणे पडले की, “आधी वाटणी, मग दुरुस्ती.” मीही मनातून तेच म्हणत होतो. नोटीस घडी करून गल्ल्यात ठेवली आणि वर्षभर तिच्यावर नाणी पडत राहिली. पुढल्या वर्षी श्रावणात, पहाटेच्या वेळी, तो छज्जा खाली आला. त्याखाली आमचा पल्लेदार वीस वर्षे रोज खाट टाकून निजत असे. त्या रात्री तो राखीसाठी गावी गेला होता. खाटेचे तुकडे झाले. पुढे दुरुस्तीस 2,11,000 रुपये लागले. पण त्या आकड्याचे मला दुःख नाही. परतल्यावर तो पल्लेदार खाटेकडे पाहून एकही शब्द बोलला नाही, ते मी विसरू शकत नाही. तो वाचला तो आमच्या पुण्याईने नव्हे, पंचांगातील तिथीमुळे वाचला.

सर्वांच्या नशिबी अशी तिथी नसते. 4 ऑगस्ट 2024 रोजी सागर जिल्ह्यातील शाहपूर येथे जुनी भिंत कोसळून 9 मुले दगावली. त्याच वर्षी 12 सप्टेंबर रोजी आपल्या शेजारच्या दतियात मुसळधार पावसात राजगड किल्ल्याची जुनी भिंत पडून 7 जणांचा अंत झाला. अशा भिंती एका रात्रीत जीर्ण होत नाहीत. त्या वर्षानुवर्षे सांगत असतात, ऐकणारा नसतो.

घराचे शत्रू

सन 1810 च्या सुमारास दौलतराव शिंदे यांची छावणी येथे स्थिरावली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर शहर झाले. येथील जुन्या वस्तीतील घरे बहुधा दगड, वीट आणि चुना यांची. छतास दगडी पटिया. हे बांधकाम दीर्घायुषी आहे, परंतु त्याचे चार शत्रू आहेत.

पहिला शत्रू पाणी. छतावरील पन्हळ तुंबली की पाणी पटियांच्या सांध्यांतून भिंतीच्या पोटात उतरते आणि चुन्याचा जीव जातो. दुसरा शत्रू पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले बी भेगेत रुजते. वरवर खुडल्याने पाने जातात, मूळ राहते, आणि ते मूळ दगड अलग करते. रोप बोटाएवढे असतानाच मुळासकट काढून भेग चुन्याने भरावी. तिसरा शत्रू आपली हौस. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की बाहेरून घर नवे दिसते, परंतु आतील ओलीस बाहेर पडण्यास वाट राहत नाही आणि भिंत आतून कुजते. चुन्याच्या भिंतीस चुनाच मानवतो.

चौथा शत्रू खास आपल्या व्यवसायाचा, तो म्हणजे भार. राहत्या खोलीची जमीन भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरून आखली जाते. गव्हाच्या पोत्यांची केवळ एक मीटर उंच थप्पी घातली तर तेवढ्याच जागेवर सुमारे 700 किलो भार पडतो, म्हणजे साडेतीन पट. शंभर वर्षांच्या पटियांना तर कोणी मानकाने मोजलेलेही नाही. हंगामात जागा अपुरी पडली म्हणून वरच्या मजल्यावर माल चढविणारे आपणच असतो, आणि त्याच मजल्याखाली आपला मुनीम बसलेला असतो.

कायदा काय सांगतो

आपल्या शहरास मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, 1956 लागू आहे. त्यातील कलम 310 अन्वये एखादी इमारत पडण्याजोगी किंवा धोकादायक दिसल्यास निगमाचे आयुक्त मालकास अथवा वहिवाटदारास नोटीस देऊन ती दुरुस्त करण्यास, तिला आधार देण्यास किंवा ती पाडण्यास फर्मावू शकतात. मालकाने ऐकले नाही तर निगम ते काम स्वतः करून खर्च वसूल करू शकते. म्हणून नोटीस हा अपमान समजू नये. ती आपल्याच घराने दुसऱ्याच्या हातून धाडलेली चिठ्ठी आहे. नोटीस आली नाही म्हणजे घर सुरक्षित आहे, असाही अर्थ काढू नये. मालमत्ता कराची पावती ही कर भरल्याची पावती आहे, घर धड असल्याची नव्हे.

दुरुस्ती आणि बांधकाम यांतील भेदही जाणावा. गिलावा, रंग, पन्हळ साफ करणे ही देखभाल झाली. मजला चढविणे, भिंत सरकविणे, छज्जा पुढे काढणे हे बांधकाम होय. त्यास कलम 293 प्रमाणे निगमाची पूर्वपरवानगी लागते. ज्यांची घरे ग्वाल्हेरचा किल्ला किंवा हजिरा येथील मुहम्मद गौस यांची कबर अशा केंद्र-संरक्षित वास्तूंच्या जवळ आहेत, त्यांनी विशेष सावध असावे. अशा वास्तूपासून 100 मीटरांच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आहे, आणि दुरुस्तीसाठीही आधी अनुमती घ्यावी लागते.

काम चालू असता निष्काळजीपणा केला तर तो फौजदारी गुन्हा होतो. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 290 मध्ये इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना लोकांच्या जीविताची काळजी न घेणाऱ्यास शिक्षा आहे. आणि निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू ओढवल्यास कलम 106 प्रमाणे 5 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पडलेला मलबा गल्लीत किंवा नालीत लोटण्याची आपली जुनी सवयही सोडली पाहिजे. नालीत लोटलेला मलबा पावसाळ्यात शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर पाणी होऊन येतो.

मुंबईत याहून पुढचे पाऊल टाकलेले आहे. तेथील महापालिका कायद्याप्रमाणे 30 वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करवून दाखला सादर करणे हे मालकाचेच कर्तव्य आहे. हा नियम तेथला असला, तरी त्यातील शहाणपण आपण कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता घेऊ शकतो.

भाऊ आणि भाडेकरू

माझ्या अनुभवाने घरे पावसाने जेवढी पडतात तेवढीच तंट्यानेही पडतात. सामाईक घरात प्रत्येकास हिस्सा हवा असतो, खर्च मात्र दुसऱ्याचा हवा असतो. आम्ही अखेर असे ठरविले की, जो दुरुस्ती करील त्याने पावत्या जपून ठेवाव्यात, सर्वांनी त्या खर्चास लेखी संमती द्यावी, आणि वाटणीच्या दिवशी ती रक्कम ज्याच्या त्याच्या हिश्शातून वळती करावी. अर्ध्या पानाचा हा कागद आधी झाला असता तर छज्जा उभा असता.

भाडेकरूस भीती असते की दुरुस्तीच्या निमित्ताने मालक जागा बळकावील. मालकास वाटते, जुन्या भाड्यात कसली दुरुस्ती! या दोन्ही शंकांचा विचार 1961 च्या मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमात केलेला आहे. घर राहण्यास असुरक्षित झाले आणि रिकामे केल्याविना दुरुस्ती अशक्य असली तर मालक न्यायालयामार्फत जागा मागू शकतो; परंतु काम झाल्यावर पुन्हा त्याच जागेत येण्याचा भाडेकरूचा हक्क कायद्याने राखला आहे. दोघांनी समोरासमोर बसून हे लिहून घेतले तर कचेरीची पायरी बहुधा चढावी लागत नाही.

घराची वही

शेवटी कृतीचे बोलतो. दिवाळीस आपण नवी वही घालतो, तेव्हा एक पातळ वही घराच्या नावानेही घालावी. वर्षातून दोनदा घर पाहावे.

1. अक्षय तृतीयेपासून आषाढ शुद्ध चतुर्दशीपर्यंत, म्हणजे चातुर्मास बसण्यापूर्वी : छत झाडावे, पन्हळी व नाल्या मोकळ्या कराव्यात, पटियांचे सांधे भरावेत, रोपटी काढावीत. साचलेल्या पाण्यात व शेवाळात असंख्य जीव उपजतात आणि मग त्यांची हिंसा टळत नाही. म्हणून ही सफाई आधी करणे हाच आपला धर्मही आहे.

2. दिवाळीपूर्वी : पावसाने काय बिघडविले ते पाहावे. ओलीचे डाग, फुगलेला गिलावा, वाकलेली पटिया, गंजून फुगलेला गर्डर यांची तारखेसह नोंद करावी.

3. भेग दिसल्यास तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटने आडवी बसवून तारीख लिहावी. काच तडकली तर भेग वाढत आहे असे समजावे आणि अभियंत्यास त्वरित बोलवावे.

4. वरच्या मजल्यावर माल ठेवू नये. ठेवणे भागच असेल तर अभियंत्याकडून मर्यादा लिहून घ्यावी व ती भिंतीवर लावावी.

5. नवे घर बांधताना पावसाचे पाणी जिरविण्याची सोय अवश्य करावी. आपल्या राज्यात 140 चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावर ती 2006 सालापासून बंधनकारक करण्यात आली.

6. दर महिन्याच्या नफ्यातून घराच्या खात्यावर थोडी तरी रक्कम जमा करावी. आपण धर्मादाय काढतो, तसेच हे काढावे.

आमच्या घरास आता नवा छज्जा आहे. तो आम्ही पूर्वीपेक्षा आखूड ठेवला आहे. पल्लेदार आता आत, ओसरीवर निजतो. तेथे त्याची नवी खाट आहे. गल्ल्यातली ती जुनी नोटीस मी फेकलेली नाही. ती घराच्या वहीच्या पहिल्या पानास चिकटविली आहे, कारण त्या खात्याची पहिली बाकी तीच आहे. ज्यांच्या गल्ल्यात अशी घडी केलेली चिठ्ठी पडून असेल, त्यांनी ती आजच उघडावी, इतकी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.