काचेवरचा रुमाल

घरच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीतील जुने मिक्सर विकून त्याच्या जागी पाटाएवढा टचस्क्रीन टॅब्लेट मी ज्या उत्साहाने बसविला, त्या उत्साहाची कैफियत आज द्यावयाची म्हणजे थोडे ओशाळणे प्राप्तच आहे. सारे ट्रॅक एका दृष्टिक्षेपात दिसतात याचेच मला अप्रूप. ऐकण्याच्या कामी दिसण्याची मातब्बरी किती, हा प्रश्न तेव्हा मनाला शिवलाही नाही.

एका अभंगाचे मिक्सिंग चालले होते. गायिकेचा आवाज ओळीओळीने सावरीत, डग्गा किंचित दाबून पेटी उचलावयाची होती. जुन्या मिक्सरवर आवाज चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या सरकत्या फेडरवर बोट ठेवले की आपण कोठे आहोत हे बोटालाच कळते आणि डोळे मिटून ऐकता येते. काचेवर मात्र ते नकळत शेजारच्या ट्रॅकवर घसरते, म्हणून डोळ्यांचा पहारा बसवावा लागतो, आणि पहारेकऱ्याचे लक्ष गाण्यात कोठून असणार! त्यात वैशाखातला उकाडा. घामाने चिकट झालेल्या काचेवरून मी रुमाल फिरविला. गाणे चालू होते आणि ऑटोमेशन ‘राइट’वर, म्हणजे नोंदणीवर, राहिले होते. रुमालाचा तो सारा प्रवास सॉफ्टवेअरने इमानेइतबारे नोंदवून ठेवला. दुसऱ्या दिवशी मंडळींना ऐकविताना टाळ एकाएकी अंगावर धावून आले आणि गायिका अर्ध्या ओळीत अंतर्धान पावली.

पश्चात्तापाच्या भरात स्वस्तातला, खऱ्या पण बिनमोटरच्या फेडरांचा कंट्रोलर आणला. पहिल्या आठ ट्रॅकवरून पुढच्या आठांकडे वळले तरी त्याचे फेडर जुन्याच जागी उभे राहतात, आणि स्पर्श होताच आवाज एकदम तेथवर उडी घेतो, हे मला तबलजींनी हेडफोन भिरकावला तेव्हा उमगले. असा कंट्रोलर घेतलाच, तर ‘पिकअप’ची सोय चालू ठेवावी, म्हणजे मूळ पातळी ओलांडीपर्यंत फेडरचा अंमल सुरू होत नाही. शिवाय १९८३ सालच्या मिडी या वाद्ययंत्रांच्या संदेशपद्धतीच्या साध्या कंट्रोल-संदेशात ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या. हळूहळू विरत जाणाऱ्या तानपुऱ्याला त्या अपुऱ्या पडू शकतात. कंट्रोलरांच्या मॅकी कंट्रोल या पद्धतीत फेडरसाठी पिच-बेंडचा १४ बिटी संदेश योजलेला असल्याने तेथे हा जाच नाही.

टॅब्लेट मी टाकून दिलेला नाही. एकटाच पेटी घेऊन माइकपुढे बसलो की जागचे न उठता मुद्रण सुरू-बंद करावयास त्याच्यासारखा चाकर नाही. परंतु ज्याला रोज आवाज सावरावयाचे आहेत, त्याने मोटरचे फेडर परवडेपर्यंत बेलाशक माउसवर भागवावे. दुकानात आपलेच गाणे लावून, डोळे मिटून, दोन फेडर एकाच वेळी हलवून पाहावेत. विक्रेता हसला तर हसू द्यावे. आणि काच पुसावयाची झाल्यास आधी गाणे थांबवावे.