विंडोजचा खेळ लिनक्सवर कसा चालतो?

आमच्या शेजारी नववीत शिकणारी एक मुलगी राहते. गेली दोन वर्षे ती घरच्या संगणकावर चित्रे काढते, छोटे छोटे हलते चित्रपट करते आणि अभ्यास आटोपला की (तिच्या आईच्या मते, आटोपण्याआधीच) खेळ खेळते. संगणक जुना आहे. त्यावरील विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सोय लागते, ती त्या यंत्रात नाही. नवे यंत्र घेणे घरच्यांना परवडणारे नाही. "सर, लिनक्स टाकले तर माझे खेळ आणि चित्रे राहतील का?" असे तिने मला विचारले. एका शब्दात उत्तर देता येईना, म्हणून हा लेख.

लिनक्स हा संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा होय. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स याने तो लिहिण्यास सुरुवात केली. या गाभ्याभोवती इतर सॉफ्टवेअर जोडून उबुंटू, फेडोरा, मिंट अशा अनेक कार्यप्रणाली तयार झाल्या असून त्या विनामूल्य मिळतात.

आता एक कोडे पाहू. 'या दोन संख्यांची बेरीज कर', 'ही संख्या त्या जागी ठेव' अशा आज्ञांचे अंकरूप प्रोसेसरमध्ये ठरलेले असते. कार्यप्रणाली बदलल्याने ते बदलत नाही. म्हणजे विंडोजसाठी केलेल्या खेळातील आज्ञा आपल्या प्रोसेसरला लिनक्स असतानाही अगदी तशाच समजतात. मग तो खेळ लिनक्सवर सरळ का चालू नये?

समजा, कोल्हापूरचा एक आचारी चेन्नईला गेला. कांदा चिरणे, फोडणी देणे, भाकरी थापणे ही कामे त्याचे हात तेथेही तितक्याच वेगाने करतील. त्यासाठी तमिळ यावे लागत नाही. परंतु मीठ संपले आणि तो दुकानात गेला की अडला! तेथे 'मीठ' म्हणून चालत नाही, 'उप्पु' म्हणावे लागते. खेळाचेही असेच आहे. गणित तो स्वतः करतो. पण फाइल उघडणे, पडद्यावर खिडकी दाखवणे, आवाज काढणे यांसाठी त्याला कार्यप्रणालीकडे मागणी करावी लागते. या मागण्यांची भाषा विंडोजमध्ये एक आणि लिनक्समध्ये दुसरी.

तेव्हा आचाऱ्याला हवा तो दुभाषा, नवे हात नव्हेत. हा दुभाषा म्हणजे 'वाइन' नावाचे सॉफ्टवेअर. त्याचे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि त्याची १.० आवृत्ती येण्यास २००८ साल उजाडले. पंधरा वर्षे! कारण विंडोजच्या मागण्या हजारोंनी आहेत आणि प्रत्येकीचे वागणे, त्यातील चुकांसकट, हुबेहूब उतरवावे लागते. वाइन ही संपूर्ण यंत्राची नक्कल नाही, हे ध्यानात ठेवा. बेरीज-गुणाकाराच्या आज्ञा ती मध्ये न पडता थेट प्रोसेसरकडे जाऊ देते. म्हणूनच ती वेगवान आहे.

खेळांना मात्र आणखी एक अडचण होती. त्रिमिती चित्रे काढण्यासाठी विंडोजवरील बहुतेक खेळ 'डायरेक्टएक्स' ही भाषा वापरतात, आणि ती लिनक्सवर नाही. २०१६ मध्ये 'व्हल्कन' ही खुली चित्रभाषा आली. तिच्यात डायरेक्टएक्सचे भाषांतर करणारे 'डीएक्सव्हीके' पुढे तयार झाले. वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर काही भाग एकत्र करून व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' दिले. (भौतिकीच्या शिक्षकाला हे नाव आवडणारच, पण त्याचा अणुकेंद्राशी काही संबंध नाही.) २०२२ पासून विकले जाणारे 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळण्याचे यंत्र लिनक्सवर चालते, आणि त्यावर विंडोजचे खेळ चालतात ते प्रोटॉनच्याच आधारे.

भाषांतराला वेळ लागतो, तो किती, हे गणिताने पाहू. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी १००० ÷ ६० म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. समजा, एका चित्रात ३००० मागण्या आहेत आणि प्रत्येकीच्या भाषांतराला १ मायक्रोसेकंद लागतो. एकूण ३ मिलिसेकंद झाले. मूळ खेळाला चित्रामागे १२ मिलिसेकंद लागत असतील, तर आता १५ लागतील. ६० चित्रे होतातच, डोळ्यांना फरक कळणार नाही. पण मुळातच १५ लागत असतील तर १८ होतील आणि वेग ५५-५६ चित्रांवर येईल. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, तरी जुन्या यंत्रावर हा फरक का जाणवतो ते यावरून कळेल.

दुभाषा जेथे हात टेकतो अशीही एक जागा आहे. स्पर्धेच्या काही खेळांत लबाडी पकडणारे पहारेकरी सॉफ्टवेअर असते आणि ते विंडोजच्या थेट गाभ्यात बसते. वाइन गाभ्याच्या बाहेर काम करते. विंडोजचा गाभा लिनक्समध्ये नाहीच, तर पहारेकरी बसणार कोठे? 'व्हॅलोरंट' लिनक्सवर चालत नाही ते यामुळे. 'फोर्टनाइट'ही चालत नाही; तेथे निर्मात्यांनीच लिनक्सला परवानगी दिलेली नाही. याला आपल्याकडे उपाय नाही.

चित्रकलेकडे वळू. फोटोशॉप किंवा प्रीमियर यांची लिनक्स-आवृत्ती नाही, आणि वाइनवर त्यांचा भरवसा धरू नये. मात्र चित्रांसाठी क्रिटा, रेखाकृतींसाठी इंकस्केप, चित्रफीत जोडण्यासाठी केडेनलाइव्ह आणि त्रिमितीसाठी ब्लेंडर ही सॉफ्टवेअर लिनक्सवर दुभाषाविनाच चालतात. 'फ्लो' हा मांजराचा लॅटव्हियन चित्रपट ब्लेंडरमध्ये केला गेला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. तेव्हा साधन कमी दर्जाचे आहे अशी तक्रार करता येणार नाही. सवय मोडण्याचा त्रास मात्र खरा आहे. बोटांना पाठ झालेल्या कळा बदलतात आणि पहिले काही आठवडे चिडचिड होते.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. जुन्या काही फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. दोष लिनक्सचा नाही. दुसऱ्या विंडोजवरही तेच होईल. युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक सर्वत्र २३२५ असतो, म्हणून जुना मजकूर बदल करण्यापूर्वीच युनिकोडमध्ये आणून ठेवावा.

त्या मुलीला मी थेट बदल करू दिला नाही. प्रथम तिची सर्व चित्रे दुसरीकडे उतरवली. मग ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स घालून संगणक त्यावरूनच सुरू केला. अशा वेळी आतील डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज आणि चित्रे काढण्याची पाटी चालते का ते पाहिले. पेन ड्राइव्ह तयार करताना त्यावरील सर्व काही पुसले जाते, हे विसरू नका. मी विसरलो होतो, आणि वर्षभराच्या प्रयोगांचे आलेख गमावून बसलो.

पाटी चालली. तिचे पाच खेळ होते, त्यांतील चार चालले. पाचवा पहारेकऱ्याचा निघाला.

तुमच्याकडे दोन्ही कार्यप्रणाली असतील तर एकच खेळ दोन्हींवर खेळून दर मिनिटाला चित्रांचा वेग टिपा व आलेख काढा. लिनक्सवर पहिल्या खेपेस मधूनच हिसके बसतील, दुसऱ्या खेपेस ते कमी होतील. कारण रंग-प्रकाशाच्या छोट्या आज्ञावलींचे भाषांतर पहिल्या खेपेस करून डिस्कवर जपून ठेवले जाते. म्हणून दोन्ही खेपांचे आकडे वेगवेगळ्या स्तंभांत लिहा.